घरातलं शेवटचं तोंड

"वैजूऽ, ह्यो बी उलथला गं!"

आत्तींची हाक आली तेव्हा तव्यावर भाकरी होती. करपती तर करपू दे म्हटलं आणि पिठाच्या हातानं तशीच बाहेरच्या खोलीत धावले. काचेच्या पेटीत आणखी एक मासा पोट वर करून तरंगत होता. आत्ती पेटीसमोर खुर्चीवर बसल्या होत्या. मुठीत भाकरीचा कुस्करा, शेजारी स्टुलावर त्यांचं ताट. ताटातल्या भाजीला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"मी काढते त्याला. तुम्ही जेवा आधी, आत्ती."

"उपाशी गेला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं उपाशी गेला."

आणि ताट त्यांनी माझ्याकडं सरकवलं.

मला रडूच कोसळलं. माशासाठी कोण रडतंय हो! मी रडले त्या ताटासाठी.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कऱ्हाडकडं सासूला आत्ती म्हणायचं नि सासऱ्याला मामा. आता तुम्हाला वाटेल, सासूच्या ताटापायी रडणारी ही कोण सून लागून गेलीय! तर ऐका. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून माझ्या भाकरीला आत्तींनी नाव ठेवलं नाही असा एक दिवस गेला नव्हता. जाड झाली, वातड झाली, एका बाजूनं कच्ची राहिली. "तुझ्या आईनं तुला चुलीम्होरं बसवलं हुतं का न्हाई?" असं विचारायच्या. मीही काही कमी नव्हते. "बसवलं होतं, पण तुमच्यासारखी परीक्षा घेणारी भेटेल हे तिला काय माहीत!" म्हणायची. मामा ओट्यावर बसून हसायचे. असं आमचं चाललेलं असायचं, आणि बरं चाललेलं असायचं.

मामा गेले आणि ही बाई गप्प झाली. भाकरी जळली तरी बोलेना, कच्ची राहिली तरी बोलेना. बोलेल कशी, खाल्ली तर बोलेल ना! पाहुणेरावळे होते तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. तेरावा झाला, माणसं पांगली, आणि मग कळलं की ही चहाच्या दोन घोटांवर दिवस काढतेय. विचारलं की एकच उत्तर, "भूक न्हाई." भरल्या अंगाची बाई, तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. न्हाणीघरात एकदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि आमच्या यांना बाजूला घेऊन सांगितलं, "आजार काही नाही. पोटात अन्न जात नाही हाच आजार. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत निघणं अवघड आहे."

ते ऐकून हे घरी आले आणि मामांची टोपी खुंटीला लटकत होती तिच्याखाली नुसते बसून राहिले. आई नि बाप एका वर्षात गमवायचे म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग रत्ना वन्सं पुण्याहून आल्या, माझ्या नणंद. येताना गाडीत ही काचेची पेटी घेऊन आल्या. पाच सोनेरी मासे, खाली घालायचे रंगीत खडे, पाण्यात बुडबुडे सोडणारी एक छोटी मोटर आणि तिला जोडलेला काळा स्पंज. "आईचा जीव रमेल," म्हणाल्या. कसं सांभाळायचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "त्यात काय! मोटर चालू ठेवायची, रोज चिमूटभर दाणे टाकायचे. झालं." आणि गेल्या. मोकळ्या झाल्या. माझ्या मनात आलं, घरात एक जीव सांभाळवेना, त्यात आणखी पाच!

पण दुसऱ्याच दिवशी नवल घडलं. जेवणाच्या वेळी मी आत्तींसमोर ताट ठेवलं. त्यांनी ते बघितलंही नाही. त्या बघत होत्या पेटीकडं. मासे काचेला येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. त्यातला एक होता त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका. त्याला आत्तींनी आल्या दिवशीच टोपीवाला म्हणून टाकलं होतं.

"तोंड वासत्यात गं," आत्ती म्हणाल्या. "काय खाल्लं न्हाई वाटतं."

ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून, बोटांनी कुस्करून त्यांनी पाण्यात टाकला. मासे तुटून पडले. आत्ती शेवटचा कण जाईपर्यंत बघत राहिल्या. आणि मग, कुणी जेव म्हटलं नाही, काही नाही, त्याच भाकरीचा पुढचा घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

मी दारात होते. चौकट घट्ट धरून उभी राहिले. वाटलं, हललं तर मोडेल.

त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी आत जाऊन यांना कामावर फोन केला, "आत्ती जेवल्या!" हे येताना पेढे घेऊन आले, जसं काही पोरगं बोर्डात आलंय.

त्या घराचा नियमच होता तो. गायीचा घास, कुत्र्याची चतकोर, बाप्यामाणसं, पोरंटोरं, आला-गेला, आणि घरातलं शेवटचं तोंड भरलं की मग बाईनं बसायचं. आत्ती जन्मभर तशाच जेवल्या होत्या. आता शेवटचं तोंड माशांचं होतं. मला काय, मी म्हटलं, माशांचं तर माशांचं, पण बाई जेवतेय ना!

झालं, तिथून सुरू झालं. सकाळी चहाबरोबर माशांना टोस्ट. जेवताना भाकरी नाहीतर भात. दुपारी शेंगदाण्याचं कूट. एका सणाला तर पुरणपोळी! मी डोळ्यानं बघत होते, पण थांबवू कशी? माझं लक्ष आत्तींच्या ताटाकडं. तिकडं ताट रिकामं होतंय आणि इकडं पेटीतलं पाणी ताकासारखं गढूळ होतंय. वास मारायला लागला. मासे खाली फिरायचे सोडून वर येऊन पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून उघडमीट करायला लागले.

"बघ, भुकेनं कसं वर आल्यात," आत्ती म्हणायच्या, आणि आणखी एक मूठ टाकायच्या.

पहिला मासा मेला त्या दिवशी आत्तींनी ताट परत केलं.

घाण झालीय म्हणून मेला, हे मला कळलं होतं. आता माझं घासणं म्हणजे अख्ख्या कॉलनीत प्रसिद्ध. कळशी अशी घासायची की तोंड दिसावं. मी पदर खोचला, उरलेले मासे बादलीत काढले आणि पेटी पार रिकामी केली. खडे मीठ घालून गरम पाण्यानं खळबळून धुतले. काच चकचकीत केली. स्पंज तर एवढा काळा, बुळबुळीत झाला होता! तो नळाखाली धरून पिळून पिळून नव्यासारखा केला. नळाचं ताजं पाणी भरलं. पेटी अशी लखलखली म्हणून सांगू! आत्तीसुद्धा बघायला उठून आल्या.

आणि त्यानंतर दुसरा मेला. मी परत सगळं धुतलं, आणखी कडक. आता हा तिसरा. जितकं धुवावं तितके मासे मरतात, हे काय गौडबंगाल? देवा परमेश्वरा, आजवर घाण ठेवली म्हणून घरं आजारी पडलेली बघितली होती, स्वच्छतेनं मेलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"बाजारातनं तसलेच दुसरे आणू," हे म्हणाले होते.

"आणि ते मेले की? किती मढी दाखवायची त्या बाईला?"



तर त्या दिवशी, तिसरा मासा कागदात गुंडाळून बाहेर ठेवला आणि मी आत्तींसमोर खाली बसले. शहाणपणानं सांगून बघावं म्हटलं.

"आत्ती, मला वाटतं त्यांना खाणं जास्त होतंय. आज राहिलेल्या दोघांना काही घालायला नको."

"त्यास्नी नको?"

"नको."

"मग मला बी नको."

एवढंच म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. आता काय करावं माणसानं? घालू दिलं तर मासे मरतात आणि ही जेवणं सोडते. घालू नाही दिलं तर आत्ताच सोडते. दोन्हीकडनं माझ्याच गळ्याला फास. उरले होते दोन मासे, एक बारका आणि एक टोपीवाला. आणि दोघंही वर येऊन तोंड वासत होते.

मी चप्पल पायात सरकवली आणि पिसाळ सरांकडं निघाले.

पिसाळ सर आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले होते, आणि व्हरांडाभर माशांच्या पेट्या मांडून बसायचे. स्वभाव तिरसट. म्हणूनच तर इतके दिवस मी गेले नव्हते. मी भडाभडा सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची एकेक आठी वाढत होती.

"स्पंज कशानं धुतलास?"

"नळाखाली. चांगला पांढराशिप्पट..."

"शाब्बास! दही लावता येतं का तुला?"

मला रागच आला. "येतं की. न यायला काय झालं?"

"विरजणाचं भांडं घासूनपुसून लख्ख केलंस, तर दही लागेल?"

"नाही लागणार."

"मग? त्या स्पंजावरची बुळबुळ म्हणजे विरजण गं बाई! माशांची घाण, उरलेलं खाणं, त्याचं पाण्यात विष होतं. ते विष पचवणारे बारीक जीव त्या बुळबुळीत असतात. ते तू धुऊन गटारात सोडलेस, वर नळाचं औषध घातलेलं पाणी ओतलंस, आणि तिकडनं तुझी सासू मूठमूठ भाकरी टाकतेय. मासे करणार काय?"

"पण ते भुकेले दिसतात हो, सर. सारखं वर येऊन तोंड उघडतात."

"भूक नाही ती," सर म्हणाले. "दम लागलाय त्यांना. पाण्यात श्वास पुरत नाही म्हणून वर येऊन हवा ओढतात. मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाही. अशा पाण्यात मात्र दिवसभरात मरतो."

मी तिथल्या तिथं पायरीवर बसले. सर बोलायला कडू, पण माणूस वाईट नाही. त्यांनी आपल्या पेटीतला मळका स्पंज कापून अर्धा एका डब्यात घालून दिला. "हे विरजण. आता धुशील तर बघ!" दोन कळश्या शिळं पाणी दिलं, पेट्यांसाठी उघडं ठेवलेलं. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही, पाव हिस्सा काढायचा आणि तेवढंच शिळं घालायचं. लाइट जाऊन मोटर बंद पडली तर तांब्यानं पाणी उचलून वरनं धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते.

"आणि चार दिवस खायला एक कण घालायचा नाही," त्यांनी बजावलं. "एक कण!"

चार दिवस. सरांना काय, म्हणून मोकळे झाले. माझ्या डोळ्यांपुढं चार दिवसांची भरलेली ताटं आली.

एक कळशी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन घरी आले तर लाइट गेलेली. त्या वेळी आमच्याकडं भारनियमनाचा कहर होता, दिवसाढवळ्या तास न् तास अंधार. मोटर बंद, बुडबुडे बंद. टोपीवाला पाण्याच्या वर नाक काढून तिरका झाला होता. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. बारका तर कोपऱ्यात कलंडलाच होता.

आणि आत्ती उठून स्वयंपाकघरात जाऊन आल्या होत्या. स्वतःच्या पायानं, भिंतीला धरून. टोपल्यातली भाकरी घेऊन पेटीपुढं उभ्या होत्या. हात पाण्यावर आलेला.

"आत्ती, नको!"

"बाजूला हो."

मी कळश्या ठेवल्या आणि त्यांचं मनगट धरलं. सासूचा हात धरायचा म्हणजे! आमच्याकडं असं कुणी ऐकलं तर दारात उभं करणार नाही. पण मी धरला. हाताला नुसतं हाड लागलं.

"सोड म्हन्ते ना! दिसत न्हाई का तुला? तोंड वासतोय त्यो!"

"दिसतंय. तरी घालायचं नाही."

"वैजू, सोड!" त्या एकदम ओरडल्या. मामा गेल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "येकदा आयकलं मी. येकदा आयकलं दुसऱ्याचं! आता न्हाई आयकायची!"

"कुणाचं ऐकलं, आत्ती?"

मनगट माझ्या हातात, मूठ घट्ट मिटलेली, आणि नजर त्या माशावर.

"दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "सातारला. नर्सबाई सांगून गेली, घास द्यायचा न्हाई, पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई. मी बसले. डबा माझ्या मांडीवर. पहाटं उठून केल्याल्या भाकरी. आन ह्ये असं... असं तोंड वासत हुते गं. माझ्याकडं बघत हुते आन तोंड वासत हुते. जलमभर त्यास्नी वाढल्याबिगर म्या घास खाल्ला न्हाई. आन शेवटच्या दिवशी भरला डबा मांडीवर धरून मी नुसती बसले. उपाशी धाडलं मी माझ्या मान्साला. ह्या हातानं."

इतके दिवस ताट घेऊन तिच्यामागं फिरत होते, भूक नाही म्हणते म्हणून वैतागत होते. शेवटचं तोंड भरलंच नव्हतं, तर ही बसणार कशी जेवायला?

टोपीवाला आडवा व्हायला लागला होता. मी डोळे पुसले आणि स्टुलावरचा तांब्या आत्तींच्या दुसऱ्या हातात कोंबला.

"आत्ती, त्याला भूक नाही. दम लागलाय. पाण्यात श्वास पुरत नाही त्याला. पिसाळ सर म्हणालेत. मी पाणी काढते, तुम्ही ह्या कळशीतलं वरनं सोडा. धार धरा. मोठी धार."

"खायला न घालता?"

"न घालता. मेला तर मला काय वाटेल ते बोला. पण आधी धार धरा!"

काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी धरली. उजव्या मुठीत भाकरी तशीच, डाव्या हातात तांब्या. मी भांड्यानं गढूळ पाणी काढून बादलीत टाकत होते, त्या वरनं धार सोडत होत्या. हात दमला की क्षणभर थांबायच्या, पुन्हा सोडायच्या. सरांचा मळका स्पंज मी आत सोडला. कळश्या संपल्या तेव्हा पेटीतलंच पाणी उचलून वरनं सोडत राहिलो. बारका गेला. त्याला काही उशीरच झाला होता. मी तो हळूच काढला आणि आत्तींकडं बघितलं नाही. त्याही थांबल्या नाहीत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. दोघींची लुगडी-साड्या चिंब झाल्या, फरशीवर तळं झालं. आणि मग टोपीवाल्यानं शेपूट हलवली. सरळ झाला. पाण्याचा वरचा थर सोडून एकेक बोट खाली जात जात तळाच्या खड्यांपाशी जाऊन थांबला. तोंड मिटलेलं. कल्ले तेवढे संथ हलत होते.

आत्तींनी तांब्या खाली ठेवला. काचेला डोळे लावून वाकून बघितलं.

"खाली गेला गं."

"गेला."

"आता वासंना तोंड."

"श्वास मिळाला ना त्याला."

आत्तींनी काचेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "वैजू... मग ह्यांचं बी तसंच हुतं का गं?"

आता हे ऐका. मामांच्या छातीत पाणी झालं होतं. श्वास पुरत नव्हता, म्हणून तोंड उघडून हवा ओढत होते. डॉक्टरांनी आमच्या यांना बाहेर नेऊन हे सगळं नीट समजावलं होतं. यांना ठाऊक होतं, वन्संना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मातीला आलेल्या चुलतदिरालासुद्धा ठाऊक होतं. आत डबा मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारं माणूस, तिला काय सांगायचं, उगाच घाबरेल म्हणून.

"तसंच होतं, आत्ती," मी म्हटलं. "मामांच्या छातीत पाणी झालं होतं. दम लागला होता त्यांना. डॉक्टरच म्हणाले. भूक नव्हती."

"भूक नव्हती?"

"नव्हती. त्यांना हवा पाहिजे होती. तुम्ही घास भरवला असता तर तो श्वासात अडकला असता. तुम्ही दिला नाहीत तेच बरं केलंत."

आत्ती ओल्या फरशीवरच खाली बसल्या. पदर तोंडाला लावला आणि रडल्या. तेराव्याला रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या. मी जवळ बसून राहिले. मध्येच लाइट आली, मोटर गुरगुरायला लागली आणि पेटीत बुडबुडे सुरू झाले. टोपीवाला खड्यांवरून इकडून तिकडं फिरू लागला.

मग आत्तींनी तोंड पुसलं. उजवी मूठ उघडली. आत भाकरीचा तो तुकडा होता, घामानं आणि पाण्यानं भिजून लगदा झालेला. त्यांनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा तुकड्याकडं, आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला.

"वैजू," त्या म्हणाल्या, "भाकरी करपवलीस की गं."